एका होडीचे दोन नारळ

गुणाजी परबने चौतीस वर्षं लिफ्टची दुरुस्ती केली. रिटायर झाला त्या दिवशी कंपनीने शाल-श्रीफळ दिलं आणि दोन शब्द बोला म्हणून माईक हातात दिला. गुणाजी म्हणाला, "चौतीस वर्षं लोकांना वर-खाली केलं. आता मला थोडं आडवं जायचंय."

सगळे हसले. पहिल्या रांगेत बसलेली प्रेमाही हसली. तिला वाटलं, नवरा दुपारी झोपायचं म्हणतोय.

तीन महिन्यांनी होडी आली.

अठरा फुटांची शिडाची होडी. फायबरची, आतल्या फळ्या लाकडाच्या. वय तिशीच्या पुढे. कुठल्याशा क्लबने ती मोडीत काढली होती आणि गुणाजीने ती जुन्या स्कूटरच्या भावात उचलली. बोरिवलीच्या गोराई वसाहतीत दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या माणसाने होडी घ्यावी कशाला, याला त्याच्याकडे एकच उत्तर होतं. "माझ्या आज्याकडे होती."

"तुमच्या आज्याकडे म्हैस पण होती," प्रेमा म्हणाली. "ती कधी आणताय?"

होडी राहिली खाडीपलीकडे, गोराई गावात, भाऊराव कोळ्याच्या घरामागे. मासे घेता घेता गुणाजीची त्याच्याशी ओळख झाली होती. भाऊरावने जागेचं काही घेतलं नाही. म्हणाला, "ठेव रे. फक्त ही चांगली आहे का, असं मला कधी विचारू नको. मला खोटं बोलता येत नाही."

होडी स्वस्त होती, यात वाद नाही. पण ती आल्यावर प्रेमाच्या घरातली एकेक वस्तू होडीवर जाऊ लागली आणि होडीवरची एकेक वस्तू घरात येऊ लागली. खोबरेलाचा डबा गेला, दोन चादरी गेल्या, पोळ्यांचा जुना तवा गेला. तवा कशाला, तर डांबर गरम करायला. त्या बदल्यात सुकाणू आलं ते पलंगाखाली, दोरखंड आले ते कपाटावर. पावसाळ्यात तर होडी मोकळी करून, झाकून, जमिनीवर ओढून ठेवायची असते, म्हणजे तिच्या अंगावरचं सगळं सामान घरी. बावीस फुटांची डोलकाठी घरात मावेना. इमारतीला लिफ्ट नव्हती. लिफ्टवाल्याच्याच इमारतीला लिफ्ट नाही हा विनोद त्या चार मजल्यांवर वीस वर्षं चालला होता. मग गुणाजीने जिन्याच्या मधल्या पोकळीत डोलकाठी उभी केली आणि तळमजल्यापासून दुसऱ्या मजल्यापर्यंत कठड्याला बांधून टाकली.

सोसायटीच्या सेक्रेटरी वसुधाताईंनी फळ्यावर लिहिलं, "जिन्यात अडथळा आणणाऱ्या वस्तू त्वरित हटवाव्यात." आणि खाली उतरताना आपली ओली छत्री त्याच डोलकाठीच्या खुंटीला अडकवली. पंधरा दिवसांत सगळी इमारत तिथे छत्र्या वाळत घालायला लागली. फळ्यावरची नोटीस कुणी पुसली नाही, डोलकाठीही कुणी हलवली नाही.

हे सगळं प्रेमाने सहन केलं. होडीचं नाव मात्र सहन केलं नाही. एका रविवारी ती डबा घेऊन पलीकडे गेली तर गुणाजी ब्रश घेऊन होडीच्या कडेला बसलेला. निळ्या रंगात मोठ्ठं 'प्रे' लिहून झालं होतं आणि पुढच्या अक्षराची उभी रेघ सुरू व्हायची होती.

"थांबा! माझ्या नावाला चिखल फासायचा नाही."

"अगो, मानाने लिहितोय."

"एक रेघ मारलीत तर हा डबा भाऊरावांच्या कुत्र्याला."

डब्यात सुरमई होती. गुणाजीने ब्रश खाली ठेवला. तेव्हापासून होडीचं नाव 'प्रे'. गोराई गावातली चर्चला जाणारी माणसं ते वाचून आदराने मान हलवायची. गुणाजीला वाटायचं, लोक आपल्या हस्ताक्षराचं कौतुक करतात.

मग तो फेब्रुवारीचा दिवस उजाडला. अक्षताला, त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, बघायला मुलुंडहून मंडळी यायची होती. संध्याकाळी पाच वाजता. गुणाजी सकाळी "जरा दोरी बघून येतो" म्हणून गेला. साडेचारला फोन आला.

"प्रेमा, ओहोटी लागली गो. होडी चिखलात बसली. पाणी आलं की येतो."

"किती वाजता येणार पाणी?"

"साडेसातच्या सुमारास."

"तुम्ही उतरून चालत या."

"कमरेएवढा चिखल आहे. मी उतरलो तर मी पण साडेसातलाच निघणार."

मंडळी आली, कांदेपोहे झाले, मुलाच्या आईने तीनदा विचारलं, "आणि बाबा?" प्रेमाने तीनदा सांगितलं, "एवढ्यात येतील." ते उठायला लागले तेव्हा गुणाजी दारात उभा राहिला. गुडघ्यापासून खाली काळा, वर गोरा, आणि सबंध खोलीत खाडीचा वास. त्याने हात जोडले. मुलाच्या वडिलांनी लांबूनच जोडले.

ते स्थळ पुढे सरकलं नाही. अक्षताला तो मुलगा मुळीच आवडला नव्हता. तिने गुपचूप बापाला मिठी मारली आणि आपला ड्रेस खराब करून घेतला. पण प्रेमाचा राग स्थळाचा नव्हताच. ते तीन तास ती हसतमुखाने पोहे वाढत होती आणि मनात एकच चाललं होतं: बासष्ट वर्षांचा माणूस, एकटा, चिखलात, फोनची बॅटरी किती असेल कोण जाणे. एखाद्या दिवशी फोन यायचाच नाही. हे ती बोलली नाही. ती म्हणाली, "ही होडी विका."

गुणाजीने चिखलाच्या पायांनी शब्द दिला. "पुढच्या नारळी पौर्णिमेपर्यंत ठेवू दे. मग तू सांगशील ते."

गुणाजीचा शब्द पक्का असतो, हे प्रेमाला ठाऊक होतं. पण गिऱ्हाईक कुठून येणार? म्हणून मे महिन्यात गावी गेल्यावर तिने ते काम देवावर सोपवलं. त्यांच्या गावात गाऱ्हाणं घालायची रीत आहे. आपण गुरवाला सांगायचं, गुरव देवासमोर नारळ ठेवून ते खणखणीत आवाजात मांडणार, आणि देवळात उभे असलेले सगळे "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला होकार भरणार. अडचण एवढीच की गुणाजी शेजारीच उभा होता. प्रेमा पुढे होऊन गुरवाच्या कानात पुटपुटली. "एक वस्तू घरातनं जाऊ दे. वस्तूचं नाव घेऊ नका. काम झालं की दर्याला नारळ देईन."

गुरवाने मान हलवली. नाव न घेता मागायच्या गोष्टी त्याने पुष्कळ ऐकल्या होत्या.

"बा देवा म्हाराजा! ह्या तुझ्या लेकराच्या घरात जा काय अडसर होऊन रवला आसा, ता सुखान भायर पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज गुणाजीचा होता. प्रेमाला थोडी लाज वाटली आणि बराचसा आनंद झाला.

मग गुणाजी पुढे झाला आणि तोही गुरवाच्या कानाशी लागला. गुरवाने एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा प्रेमाकडे बघितलं, नाक खाजवलं आणि आवाज चढवला.

"बा देवा म्हाराजा! हेच्या दारात जा काय हौशेन इला आसा, ता थंयच रवांदे, नांदांदे रे म्हाराजा!"

सुखशांतीचं मागतोय बिचारा, असं प्रेमाला वाटलं. तिने डोळे मिटून, हात जोडून, घसा मोकळा सोडून म्हटलं, "व्हय म्हाराजा!"

जून लागला आणि अक्षता ऑफिसातून येता येता गिऱ्हाईक घेऊन आली. म्हणजे त्याचा नंबर घेऊन आली. मिहिर नावाचा मुलगा, वांद्र्याला कॅफे काढत होता. त्याला एक जुनी, खरी होडी हवी होती. मधोमध कापून, आत बर्फ भरून, त्यावर सॅलड मांडायचं होतं.

"आई, तुझा देव एकदम फास्ट आहे यार," अक्षता आईच्या कानात म्हणाली. नवसाचं गुपित घरात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

गुणाजीने ऐकून घेतलं. कापून, म्हटल्यावर त्याने चहाचा कप खाली ठेवला. पण बोलला एवढंच, "शब्द दिलाय. नारळी पौर्णिमा झाली की त्यानंतरच्या रविवारी मी स्वतः ती चालवत मार्व्याला नेऊन देईन. तिथून त्याने टेम्पो लावावा. पण शीड फाटलंय. फाटक्या शिडाने मी ती कुणाला देणार नाही."

"तो शिडाचं काय करणार? सॅलडवर झाकणार?"

"त्याचं तो बघेल. लेक सासरी पाठवताना आपण फाटकं नेसवतो का?"

नेसवायचं खातं प्रेमाचंच होतं. म्हणून तिने मशीन काढलं. ती पंचवीस वर्षं ब्लाउज शिवत आली होती. वसाहतीतल्या निम्म्या बायकांची मापं तिला पाठ होती. पण शिडाच्या कापडाने तिच्या तीन सुया मोडल्या. ठिगळाला कापड मिळेना. तेव्हा जिन्यातल्या डोलकाठीवर महिनाभर लटकलेली, काड्या मोडलेली एक जांभळी छत्री तिला आठवली. तिचं कापड घट्ट होतं, पाणी धरत नव्हतं. छत्री वसुधाताईंची होती. वसुधाताईंनी परवानगी दिली आणि फळ्यावरच्या नोटिशीखाली पुन्हा एकदा सही केली.

हॉलभर शीड पसरून प्रेमा आठवडाभर त्यावर बसून होती. दुहेरी शिलाई, कडेला पट्टी, कोपऱ्यांना चौकोन. नको असलेल्या वस्तूवर आपण इतकं नेटकं काम का करतोय, असं तिला एकदा वाटलं. मग तिने स्वतःलाच सांगितलं, आपल्या हातून वाईट शिलाई होत नाही, त्याला काय करणार.

तो रविवार आला. आदल्या दिवशी गुणाजी म्हणाला, "ही दोन माणसांची होडी आहे. बहुतेक वेळा भाऊराव येतो, पण उद्या तो मासेमारीला जाणार आहे. पुढच्या छोट्या शिडाची दोरी धरायला कुणीतरी लागेल."

"अक्षताला न्या."

"तिला बोट लागते. तुला ठाऊक आहे."

चार वर्षांत प्रेमा त्या होडीत एकदाही बसली नव्हती. पण वस्तू घरातून जायची तर शेवटचा धक्का आपणच द्यावा, असा विचार करून ती तयार झाली. साडीवर नारिंगी लाइफ जॅकेट चढवलं. अक्षताने फोटो काढला आणि कोणालाही पाठवणार नाही अशी शपथ घेतली. प्रेमाने पिशवीत पाण्याची बाटली, डबा आणि तळाशी एक नारळ ठेवला. सौदा झाला की तिथल्या तिथे दर्याला देऊन नवस फेडायचा. देवाची उधारी ती ठेवत नसे.

ओहोटीबरोबर ते निघाले. दोन्ही बाजूंना तिवरांची झाडं, पाठीमागे पॅगोड्याचं सोनेरी शिखर, आणि वारा समोरून. वारा समोरून असला की होडी सरळ जात नाही. या काठाकडून त्या काठाकडे नागमोडी न्यावी लागते, आणि प्रत्येक वळणाला शिडाखालची आडवी काठी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला झपकन फिरते.

"प्रेमा, मान!" गुणाजी ओरडायचा. प्रेमा वाकायची.

"प्रेमा, मान!"

"लग्नाला तेहतीस वर्षं झाली, तेव्हापासून वाकवतेच आहे. आज नवीन काय?"

"आज नाही वाकवलीस तर टेंगूळ येईल."

पहिला अर्धा तास तिने देवाचं नाव घेत काढला. मग केव्हातरी तिच्या लक्षात आलं की इंजिनाचा आवाज नाही. कसलाच आवाज नाही. नुसतं होडीच्या पोटाखालून पाणी जातंय. वर बघितलं तर शिडात वारा भरलेला, आणि मधोमध तिचं जांभळं ठिगळ फुगून बसलेलं. एक टाका सुटला नव्हता.

तेवढ्यात छोट्या शिडाची कड थरथरायला लागली. गुणाजी काही बोलायच्या आत तिने हातातली दोरी वीतभर ओढली. थरथर थांबली. होडीने वेग घेतला.

गुणाजी तिच्याकडे बघत राहिला. "हे कुणी शिकवलं तुला?"

"ब्लाउजच्या बाहीने. ताण कमी पडला की कापड असंच नाचतं."

"मला कळायला दोन वर्षं लागली."

"तुम्ही ब्लाउज कुठे शिवलेत?"

तो हसला. आणि मग, घरी टीव्हीच्या आवाजापुढे तिची हाक ज्याला ऐकू येत नाही तो माणूस मान तिरकी करून म्हणाला, "थांब. वारा फिरतोय. ऐक." तिने ऐकलं. खरंच फिरत होता. पुढचं वळण त्याने सुकाणू तिच्या हातात देऊन घ्यायला लावलं. ती चुकली, पुन्हा घेतलं, जमलं. मार्व्याचा धक्का दिसायला लागला तेव्हा तिला तो जरा लवकरच आला असं वाटलं, आणि असं वाटल्याचा तिला राग आला.

गुणाजी होडीच्या कडेवरून हात फिरवत होता, जसा निघताना गावच्या घराच्या चौकटीवरून फिरवतो.

मिहिर धक्क्यावर उभा होता. पांढरे बूट, हातात मोजायची टेप. "काका, काकू, नमस्कार! काय झकास आहे हो! आणि नाव किती सुंदर, 'प्रे'. एकदम साधं. हे मी तसंच ठेवणार." त्याने टेप ताणली आणि मधोमध, जिथे प्रेमा सकाळपासून बसली होती, तिथे खडूने रेघ मारली. "इथे कट येईल."

प्रेमाने रेघेकडे बघितलं. मग देवाचं नाव मनातल्या मनात घेतलं आणि ठरवलं, की एक अक्षरही खोटं बोलायचं नाही.

"छान दिसेल," ती म्हणाली. "बस जरा बाळा, तुला सगळं सांगते. नंतर तू म्हणायला नको, काकूंनी सांगितलं नाही. ही तीन ठिकाणी गळते. चौथं ठिकाण अजून सापडलेलं नाही. म्हणजे बर्फ वितळला की तुझ्या लादीवर."

"ते आम्ही सील करू, काकू."

"कर ना. हे चार वर्षं करतायत. मग वास. उन्हात येत नाही, बंद खोलीत येतो. एसीमध्ये तर छानच येत असेल. मी यांचे शर्ट वेगळे धुते. आणि फायबर कापणार ना? आमच्या भाऊरावांनी हातभर तुकडा कापला होता, आठ दिवस अंग खाजवत होते. तळाला कालवं चिकटलीयत, ती मेली की आणखी निराळा वास. पण ते सगळं जाऊ दे. खरी गोष्ट वेगळीच आहे."

"काय?"

"हे." तिने नवऱ्याकडे बोट केलं. "होडी तुझ्याकडे आली की हे रोज येणार. बोरिवलीहून वांद्र्याला. चारच्या सुमाराला. एक चहा घेतील आणि दोन तास बसतील. सॅलड घ्यायला जो येईल त्याला सांगतील, इथे डोलकाठी होती, इथे सुकाणू होतं, आणि या पोराने ती इथून कापली."

मिहिरने हसून गुणाजीकडे बघितलं. काका 'छे छे' म्हणतील अशी त्याची अपेक्षा असावी.

गुणाजी साधा माणूस. तो म्हणाला, "येणार म्हणजे काय, येणारच. रविवारी सकाळी पण येईन."

टेप सुर्रकन परत डबीत गेली. मिहिरने आपण पार्टनरशी बोलून फोन करतो असं सांगितलं. जाताना त्याने दोघांना वाकून नमस्कार केला, मुलगा संस्कारी होता. टेम्पो रिकामाच गेला.

धक्क्यावर दोघं उरले. गुणाजी म्हणाला, "तू गिऱ्हाईक घालवलंस."

"मी काय घालवलं? जे आहे ते सांगितलं. त्यात खोटं काय होतं?"

"चौथी गळती सापडलीय मला मागच्याच महिन्यात."

"मला सांगायचंत मग."

भरती लागली तसे ते परत फिरले. आता वारा पाठीशी होता. दोन्ही शिडं फुगली, मान वाकवायचं काम उरलं नाही, आणि प्रेमाला पिशवीच्या तळाशी असलेला नारळ आठवला. ती अस्वस्थ झाली. देवाकडे आपण मागितलं, देवाने जून महिन्यातच दिलं, आणि दिलेलं आपण धक्क्यावरून परत पाठवलं. असं कुणी करतं? मनुष्याला 'नको' म्हणता येतं, देवाला काय म्हणायचं? शेवटी तिने नारळ काढला, कपाळाला लावला आणि पुटपुटली, "चुकलं. हा दंड समज. मागितलेलं मागे घेते."

"नारळ कसला गो?" मागून गुणाजी.

प्रेमाने वळून बघितलं आणि तिचा हात तसाच राहिला. गुणाजीने बसायच्या फळीखाली हात घातला होता आणि तिथून बाहेर आला तोही नारळ. शेंडीला हळदकुंकू लागलेला.

"तुमचा कसला?"

"माझा नवसाचा. होडी राहिली तर देईन म्हणून बोललो होतो. गावी. गाऱ्हाणं नाही का घातलं मी? दारात जे हौसेने आलंय ते तिथेच राहू दे. तूच तर सगळ्यांत मोठ्याने व्हय म्हाराजा म्हणालीस!"

प्रेमाने हातातला आपला नारळ उलटासुलटा करून बघितला.

"आणि तुझा?"

खोटं बोलायचं नाही असं धक्क्यावर ठरलं होतं, आणि दिवस अजून संपला नव्हता. "तुम्ही ज्याला व्हय म्हाराजा म्हणालात," ती म्हणाली, "तो अडसर ही होडी होती."

गुणाजीने सुकाणू सोडलं. इतका हसला की होडी तिवरांकडे वळली आणि प्रेमालाच पुढे होऊन सुकाणू धरावं लागलं. "म्हणजे गुरव माझ्याकडे बघत होता, तुझ्याकडे बघत होता... अगो, त्या बिचाऱ्याचे काय हाल झाले असतील!"

"गुरवाचं जाऊ दे. देवाचं बघा. एकाच घरातून दोन अर्ज, दोन्हींवर दोघांची सही."

दोन्ही नारळ पाण्यात गेले. आधी नवसाचा, मग दंडाचा. दोन्ही भरतीबरोबर बोरिवलीच्या दिशेनेच यायला लागले, होडीच्या बाजूबाजूने, जणू घरीच यायचंय. प्रेमाने त्यांना हात जोडले.

गोराईचा धक्का जवळ आला. गुणाजीने घसा साफ केला. "प्रेमा, आता ते नाव पुरं करू? अर्धंच राहिलंय. लोक काय म्हणतील?"

प्रेमाने सुकाणू सोडलं नव्हतं. तिने शिडाकडे बघितलं, ठिगळाकडे बघितलं, आणि पुढची चार वर्षं पलंगाखाली काय काय येणार याचाही अंदाज घेतला.

"जिन्यातली जागा या पावसाळ्यानंतर मोकळी राहील," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी डोलकाठी भाऊरावांकडे. माझे दोरखंड वाळवायला गच्ची. तवा नवीन. ओहोटीचं वेळापत्रक फ्रिजवर लावायचं आणि मला विचारल्याशिवाय होडी सोडायची नाही. एवढं झालं की एक म, एक काना, काय हवं ते लिहा."

"माझे दोरखंड?" गुणाजी म्हणाला.

"मान!" प्रेमा म्हणाली, आणि तिने होडी वळवली.